गॅस पिवळा जळतोय? शेगडी आणि गीझरच्या बाबतीत या चुका टाळा

पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं की आपल्याकडे पहिला दोष जातो सिलिंडरला. "या वेळी गॅसच खराब आलाय," असं म्हणत आपण भांडी घासत बसतो. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे शेजारपाजारच्या अशा तक्रारी हमखास माझ्याकडे येतात. आजवर पाहिलेल्या बहुतेक शेगड्यांत गॅसमध्ये काहीच खोट नव्हती. कमी पडत होती ती हवा.

घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. दोन्ही हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन एवढंच. ब्युटेनचा एक रेणू पुरता जळायला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात, आणि हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम २१ टक्के. हिशेब केला तर एक लिटर ब्युटेन वायूला सुमारे ३१ लिटर हवा लागते, प्रोपेनला २४. एवढी हवा मिळाली की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि काम संपतं. कार्बन मोनॉक्साइडचं डायऑक्साइड होणं ही त्यातली अगदी शेवटची पायरी. हवा कमी पडली किंवा ज्योत मध्येच थंड झाली की ती पायरी राहून जाते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. हवा फारच कमी असेल तर कार्बन तसाच उरतो आणि काजळी होऊन भांड्याला चिकटतो. ज्योतीचा पिवळा रंग म्हणजे याच काजळीचे तापून लाल-पिवळे झालेले कण.

सिलिंडर बदलून पाहणं

शेजारच्या काकूंच्या शेगडीचा डावा बर्नर महिनाभर पिवळा जळत होता. त्यांनी बर्नरचं टोपण चिंचेच्या पाण्यात उकळून लख्ख केलं, जेटला, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला, पिन मारली, शेवटी नवीन सिलिंडरही लावला. फरक शून्य. मी रेग्युलेटर बंद करून शेगडी उलटी केली. जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि जाताना बाजूच्या तोंडातून हवा आपल्यासोबत ओढून नेतो. जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५५च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी जो बर्नर वापरात आणला, त्याचंच तत्त्व आपल्या ओट्यावर रोज चालतं. काकूंच्या शेगडीत नेमकं त्या तोंडापाशीच कोळ्याचं जाळं होतं, त्यावर पिठाचा थर आणि एका झुरळाचा पाय. बाटली धुवायचा ब्रश दोनदा फिरवला, बर्नर बसवला, पेटवला. निळी ज्योत, आत टोकदार फिकट निळे सुळके. काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

पिन मारण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. दाभण, सुई, सेफ्टी पिन जोर लावून फिरवली की भोक मोठं होतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि जी तक्रार घालवायची तीच वाढते. जेट चोंदला असेल तर काढून फुंकर मारावी, नाहीतर नवीन घ्यावा. बर्नर धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये. भोकांत पाणी राहिलं की ज्योत एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला विझलेली.

प्रत्येक पिवळ्या ठिणगीला घाबरायचंही कारण नाही. मीठ सांडलं, भाताची पेज उतू गेली, की ज्योतीत पिवळ्या-नारिंगी चमका येतात. तो मिठातल्या सोडियमचा रंग. पातेलं काळं होत नसेल तर बर्नर पुसून घ्या आणि विसरून जा.

बुडाला फुटलेला घाम बघून पातेलं गळकं ठरवणं

थंड पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिलं मिनिटभर बाहेरून थेंब धरतात, एखादा चर्र करून ज्योतीत पडतो. पातेलं गळत नाहीये. गॅसमधला हायड्रोजन जळून झालेलं ते पाणी आहे, थंड बुडावर वाफ निवते एवढंच. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपतो तेव्हा सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात येऊन गेलेलं असतं. खिडकी बंद ठेवलेल्या स्वयंपाकघरात भिंतींना ओल येते, त्यात या पाण्याचाही वाटा असतो.

संपत आलेला सिलिंडर आडवा करणं

हे अजून सर्रास चालतं आणि ते फार धोक्याचं आहे. सिलिंडर उभा असताना वर वायू आणि खाली द्रव असतो, रेग्युलेटर वायूसाठी बनवलेला असतो. आडवा केला की द्रव नळीत शिरतो, तिथे वायू होताना कितीतरी पटींनी फुगतो आणि बर्नरवर भडका उडतो. गरम पाण्यात सिलिंडर ठेवणंही तितकंच वाईट. थंडीत शेवटी शेवटी ज्योत मंदावते, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतं, ब्युटेन जवळपास शून्यावर, म्हणून प्रोपेन आधी निघून जातं आणि मागे दाब कमी असलेलं ब्युटेन उरतं. सिलिंडर बदला, तेवढाच उपाय.

पाइपच्या गॅसचं थोडक्यात. तो मिथेन, त्याला हवाही कमी लागते आणि उष्णताही कमी. सिलिंडरच्या शेगडीला पाइपचा गॅस जोडताना जेट मोठे बसवतात. तीच शेगडी पुढे गावच्या घरी नेऊन सिलिंडरला जोडली तर लांबलचक पिवळी ज्योत आणि काजळी ठरलेली. जेट बदलून घ्यावेत.

गीझर न्हाणीघरात बसवणं

शेगडीची चूक पातेल्यावर दिसते, गीझरची दिसत नाही. म्हणून इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे.

बारा वर्षांपूर्वी आमच्या घरी गॅस गीझर न्हाणीघरातच बसवला होता. बसवणारा म्हणाला, "झरोका आहे ना, पुरे." आम्हीही मान डोलावली. डिसेंबरात एका सकाळी धाकटी मुलगी आंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. डोकं दुखतंय, मळमळतंय. उपाशीपोटी आंघोळ केली, पित्त झालं असेल, असं म्हणून सासूबाईंनी तिला कोकम सरबत दिलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा माझं लक्ष झरोक्याकडे गेलं. थंडी वाजते म्हणून त्याला आम्हीच पुठ्ठा लावला होता.

त्या रात्री वहीत मांडलेला हिशेब अजून माझ्याकडे आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर त्या मिनिटात साधारण १६ ग्रॅम गॅस जाळतो. त्याला लागते सुमारे २०० लिटर हवा, म्हणजे ४३ लिटर ऑक्सिजन. आमचं न्हाणीघर पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट, आत हवा साडेचार हजार लिटर. सगळ्या फटी बंद धरल्या तर तीन-साडेतीन मिनिटांत ऑक्सिजन २१वरून १८ टक्क्यांवर येतो, आणि त्याच सुमाराला ज्योत कार्बन मोनॉक्साइड भराभर सोडू लागते. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून रोज काही होत नाही, आणि रोज काही होत नाही म्हणूनच माणूस गाफील राहतो. मुलगी दहा-बारा मिनिटं आत असायची.

गीझरची जागा बाहेर: बाल्कनीत किंवा उघड्या डक्टकडे, आणि गरम पाणी नळाने आत. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे आतला गीझर सुरक्षित झाला, असं समजू नका. बंद खोलीत फॅन हवा बाहेर ओढतो तेव्हा गीझरच्या धुराड्यातला जळका वायू उलटा आत खेचला जाऊ शकतो. जागा बदलेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. हे कटकटीचं आहे, पण तोवर हेच करा.

वास आला नाही म्हणून निर्धास्त राहणं

गॅसला येतो तो उग्र वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो न जळलेल्या गॅसची खबर देतो. जळताना तोही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. स्वयंपाकघरात बसवलेला गळतीचा अलार्मही त्याच्यासाठी वाजत नाही. तो सिलिंडरच्या गॅससाठी असतो, आणि तो गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत लावलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड वजनाला जवळजवळ हवेइतकाच, तो सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म वेगळा मिळतो.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आणि इथे एक चूक जिवावर बेतू शकते. करोनानंतर बहुतेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या काठावर असताना तो ९८ दाखवू शकतो.

न्हाणीघरातून हाक आली नाही तर थांबू नका. दार उघडा, नाही उघडलं तर तोडा, श्वास रोखून आत जा, गीझर बंद करा आणि माणसाला उघड्या हवेत आणा. १०८ला फोन करा. शुद्ध आली, बरं वाटतंय, असं म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "आत गॅस गीझर चालू होता." म्हणजे डॉक्टर बोटावरच्या आकड्यावर विसंबणार नाहीत, रक्त तपासतील आणि मास्कने ऑक्सिजन लावतील.