बीज सोडण्याआधी कोळंबीच्या तळ्याची तयारी

पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बंद करा आणि तळं तळापर्यंत रिकामं करा. मधोमध जिथे उरलेलं खाद्य आणि विष्ठा साचते, तिथला काळा गाळ खरवडून काढा, पण बांधावर टाकू नका. पुढच्या सरीत तो परत आतच येतो. मूठभर माती नाकाशी धरा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर भेगा पडेपर्यंत आणखी वाळू द्या. मागच्या पिकात ईएचपी (कोळंबीची वाढ खुंटवणारा सूक्ष्म परजीवी) निघाला असेल तर हेक्टरी ६ टन कळीचा चुना १०-१२ सेंमी खोल नांगरून घाला आणि माती ओलवा.

पाणी भरतीचं घ्या, पण ६० मेशच्या दुहेरी पिशवीतून, आणि आधी राखीव तळ्यात. तिथे दर हजार घनमीटरला ६० किलो ब्लीचिंग संध्याकाळी टाका, कारण उन्हात क्लोरिन उडून जातो. त्या पाण्यात तेव्हाच चुना घालू नका. सामू चढला की क्लोरिनचा जोर कमी होतो. आता सगळ्यात महत्त्वाचं: क्लोरिनने चांगले जंतूही मरतात, आणि मोकळ्या पाण्यात झपाट्याने वाढतो तो व्हिब्रिओ, कोळंबीला रोग करणारा जंतू. किटवर क्लोरिनचा पिवळा रंग दिसेनासा झाला की लगेच प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंचं विरजण, घाला. ती जागा आपल्या जंतूंनी आधी धरायला हवी.

प्रत्येक तळ्याचा पाग (फेकायचं जाळं), बादली आणि चेक ट्रे (खाद्य आणि कोळंबी तपासायचं ताट) वेगळे ठेवा, त्यांवर रंगाने खूण करा. एका वर्षी मी शेजारच्या तळ्यावरचा पाग न धुता माझ्या तळ्यात टाकला. बत्तिसाव्या दिवशी चेक ट्रेमधल्या कोळंबीचं आतडं रिकामं होतं, डोक्यातली तपकिरी ग्रंथी पांढुरकी पडून आक्रसली होती आणि बोटांत चेंगरली तरी फुटत नव्हती. आठवड्यात तळं गेलं. तेव्हापासून बांधावर पाय ठेवण्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बूट बुडवायचे, हा आमच्याकडे नियम आहे, पाहुण्यांनाही. ते पाणी जांभळं हवं. तपकिरी झालं की त्याचं काम संपलं, ओता आणि नवं करा.

कुर्ल्यांसाठी बांधाभोवती जाळीचं कुंपण, बगळ्या-कावळ्यांसाठी वर दोऱ्या. दोन्ही पाणी भरण्याआधीच.

बीज स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि ईएचपी यांची पीसीआर चाचणी, शिवाय टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवून मोजायची प्रयोगशाळेतली थाळी) हिरव्या वसाहती किती, हे विचारा. व्हिब्रिओंमधला घातक पॅराहिमोलिटिकस त्या हिरव्यांतच असतो. अँटिबायोटिकची बाटली मात्र शेडमध्ये ठेवूच नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, आणि माल तपासणीत सापडतो.

बीज पहाटे किंवा संध्याकाळी सोडा. पिशव्या आधी तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. शेवटी पिल्लं जाळीत गाळून सोडा. हॅचरीचं पाणी बांधाबाहेर, खड्ड्यात, ब्लीचिंग घालून.