वर्गात काही हरवलं की सगळे तुझ्याकडंच बघतात? मग हे वाच

हे मी आठवी ते बारावीतल्या पोरापोरींसाठी लिहितोय. कंजारभाट, पारधी, वडार, कैकाडी, डोंबारी, कुणी पण असू दे, कोल्हापुरातच जन्मून कोल्हापुरातच पत्ता सांगताना ज्यांचा आवाज बारीक होतोय त्यांच्यासाठी. मी कंजारभाट. दहावीपर्यंत कुणी कुठं राहतोस विचारलं की मी शेजारच्या कॉलनीचं नाव सांगायचो.

आठवीत असताना वर्गातनं एका पोराचे सहलीचे पाचशे रुपये गेले. बाई आत आल्या आणि सरळ माझ्या बेंचपाशी. काही बोलल्या नाहीत, नुसता हात पुढं केला आणि मी पण मुकाट्यानं दप्तर दिलं. त्यांनी ते टेबलावर उपडं केलं, वह्या, कंपास, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि लसणाच्या चटणीची पुडी फुटून सगळं लाल. पैसे दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या भूगोलाच्या वहीतच घावले. मला कुणी सॉरी म्हणालं नाही. भूमितीच्या वहीवर तेलाचा डाग वर्षभर होता, वही उघडली की वास यायचा.

तर दप्तर एकट्याचं तपासू द्यायचं नाही. सरळ नाही पण म्हणायचं नाही, नाही म्हटलं की लगेच "बघा, घाबरला" सुरू होतंय. उभं राहायचं आणि म्हणायचं, "बाई, माझं बघा, पण सगळ्यांचं बघा, आणि मुख्याध्यापकांसमोर बघा." एवढंच. हे वाक्य घरी मोठ्यानं दहा वेळा म्हणून ठेव, खरंच म्हण, कारण त्या वेळी घसा कोरडा पडतोय, पाय लटपटतात आणि पाठ असलेलंच तोंडातनं बाहेर येतंय. घरी त्याच दिवशी सांग. आईला वाईट वाटेल म्हणून मी दोन वर्षं लपवलं, नंतर तिला दुसऱ्याकडनं कळलं तेव्हा तिला दुप्पट लागलं. रात्री वहीत तारीख, कुठला तास, कोण काय बोललं ते लिही. परत तसंच झालं तर आईबापाला घेऊन शाळेत लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तोंडी बोलणं हवेत जातंय. आठवीपर्यंतच्या पोरांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, त्याच्या कलम १७ मध्ये मारायला तर बंदी आहेच, मानसिक त्रास द्यायला पण आहे. अर्जात ते कलम लिही.

आता "तुमची जातच चोर" म्हणणाऱ्याचं. ह्याला उत्तर द्यायचं तर आधी हा शिक्का आला कुठनं ते तुला माहीत पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि नंतर वाढवत वाढवत जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून लिहून काढल्या. चोरी केली म्हणून नाही, त्या जमातीत जन्मला म्हणून. रोज पोलिसांकडं हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे ह्या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत. देश १९४७ ला सुटला, आपण सुटलो तो कायदा गेला तेव्हा, ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून तो विमुक्त दिन. आणि हे कोल्हापूरकरांनीच विसरावं ह्याचं मला लई वाईट वाटतंय, कारण आपल्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातली ही हजेरी १९१८ सालीच बंद केली होती. पारध्यांना पण त्यांनीच जवळ करून काम दिलं. म्हणजे इंग्रज ज्यांना जन्मानं चोर म्हणत होते त्यांच्यावर कोल्हापूरच्या राजानं भरवसा ठेवला.

म्हणून एक काम कर. २६ जूनला शाळेत शाहू जयंतीची भाषणं असतात, सगळी पोरं १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणावर बोलतात, तू नाव दे आणि १९१८ च्या हजेरीवर बोल. शेवटी स्वतःच्या जमातीचं नाव घे. मी अकरावीत घेतलं. नाव घेताना हॉल एकदम गप्प झाला आणि मला वाटलं संपलं आता सगळं, पण खाली उतरल्यावर एक पोरगी येऊन म्हणाली, मी पण कैकाडी आहे, कुणाला सांगितलं नाही अजून.

मित्राच्या घरी गेल्यावर काकूंनी पर्स उचलून आत नेली तर? हे लई बारीक असतंय, पुरावा काय नसतोय, पण पोटात खड्डा पडतोय. तिथं काही बोलू नको. नंतर मित्राला एकट्याला गाठून एकदा सांग, भावा, मला हे दिसलं आणि मला लागलं. खरा मित्र असला तर तो आईशी बोलतोय. विषय टाळला तर रंकाळ्यावर भेटत जा, त्याच्या घरी जायचं बंद.

मारामारी मात्र टाळ. भेकड हो म्हणत नाही मी. पेठेतल्या पोरानं फुटबॉलच्या मॅचनंतर ठोसा मारला तर ती मस्ती असते, तू मारलास तर ती नोंद होते. हे चुकीचं आहे, पण आज असं आहे, आणि त्या नोंदीपायी माझ्या चुलतभावाची भरती हुकली.

पोलिसांनी उचललं तर पळू नको, पहिल्यांदा वय सांग. जन्मदाखला नाहीतर शाळेच्या बोनाफाईडचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स घरी आईकडं ठेव. २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याचे नियम सांगतात की १८ च्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतंय. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. घरच्यांनी १०९८ ला फोन लावायचा, आणि वकिलाला पैसे नसले तर १५१०० ला, ती विधी सेवा प्राधिकरणाची लाईन आहे, लहान पोरांना तिथं वकील फुकट मिळतोय. एक लक्षात ठेव, ॲट्रॉसिटीचा कायदा फक्त एससी आणि एसटीला आहे, फासेपारधी एसटीत येतात, आपण कोल्हापूरकडचे कंजारभाट, वडार, कैकाडी विमुक्त जातीत, आपल्याला तो लागत नाही. बाहेर कुणी सांगितलं म्हणून त्याची धमकी देऊ नको, उलट हसू होतंय.

आणि कागद. जातीच्या दाखल्याला बारावीनंतर धावू नको, नववीतच सुरू कर. विमुक्त जातीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं ह्याचा पुरावा लागतोय, आणि आपले आजे तर पालं घेऊन फिरत होते, कुठला सातबारा नि कुठलं काय. आजोबा किंवा चुलत आजोबा कुठल्या तरी शाळेत दोन महिने जरी गेले असतील तर त्या शाळेतनं जनरल रजिस्टरचा उतारा निघतोय. नाहीतर ज्या गावाला कुणी जन्मलं त्या गावचा नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलमधनं मागायचं. जातीचं स्पेलिंग सगळीकडं एकच बघ, आमच्यात कुठं कंजारभाट, कुठं कंजरभाट आणि कुठं नुसतंच भाट लिहिलंय, तेवढ्यावर माझी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, दीड वर्ष अडकली. आजी असेल तर ह्याच रविवारी तिच्यापाशी बस, पाल कुठकुठल्या गावाला पडायचं, कोण कुठं जन्मलं, ते तिच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि गावांची यादी काढ.