मूठ आवळायचा नुसता विचार: तो ईईजीत कसा पकडायचा

ज्याच्या डोक्यावर ईईजीची टोपी (टाळूवरून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची टोपी) चढवायची आहे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: केस शाम्पूने धुऊन ये, तेल लावू नकोस. तेलकट टाळूवर जेल कितीही भरा, इम्पीडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) खाली येत नाही, आणि आपल्याला टिपायचा सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. प्रत्येक इलेक्ट्रोड १० किलोओहमच्या खाली आल्याशिवाय मी रेकॉर्डिंग सुरूच करू देत नाही.

सुरुवातीला लक्ष दोन जागांवर ठेवा, डावीकडे सी३ आणि उजवीकडे सी४ (हालचाल सांभाळणाऱ्या भागावरचे इलेक्ट्रोड). हात स्वस्थ असताना तिथे ८ ते १३ हर्ट्झचा म्यू-ताल (मेंदूच्या सिग्नलमधली एक लयबद्ध लहर) चालू असतो. हात हलवला, किंवा हलवायची नुसती कल्पना केली, की तो दबतो. उजव्या हाताला सी३वर जास्त, डाव्याला सी४वर. म्हणजे आपण शोधतोय ते तालाचं ओसरणं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे संशोधक गेर्ट फुर्टशेलर यांनी याच घटीवर आयुष्यभर काम केलं.

कल्पना कशी करायची हे नीट समजावून सांगा. बरेच जण डोळ्यांपुढे हाताचं चित्र आणतात. त्यापेक्षा मूठ आवळताना बोटांत येणारा ताण आतून आठवायला सांगा, घट स्पष्ट दिसते.

टोपी नसेल तर ‘बीसीआय कॉम्पिटिशन ४’ या मेंदू-संगणक जोडणीच्या (बीसीआय) स्पर्धेचा २ए डेटासेट घ्या: ९ माणसं, २२ ईईजी चॅनेल, सेकंदाला २५० नमुने. ८–१३ हर्ट्झचा फिल्टर लावा, प्रत्येक नमुन्याचा वर्ग करा (त्याला त्यानेच गुणा), डाव्या आणि उजव्या हाताच्या ट्रायल्सची (एकेका प्रयत्नाची) वेगवेगळी सरासरी काढा आणि पडद्यावर बाण येण्याआधीच्या सेकंदाशी तुलना करा. हा आलेख बघितल्याशिवाय क्लासिफायरला (सिग्नलवरून डावा की उजवा हात ते ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) हात लावू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो. डाव्या-उजव्याचा फरक इथेच दिसला, तर सीएसपी (दोन वर्गांतला फरक उठून दिसेल असं चॅनेलांचं मिश्रण शोधणारी पद्धत) आणि साधं एलडीएसुद्धा (सरळ रेषेने दोन वर्ग वेगळे करणारा क्लासिफायर) चांगलं काम करतं. फक्त सीएसपी ट्रेनिंगच्या ट्रायल्सवरच शिकवा. सगळा डेटा आधी दाखवलात तर आलेला आकडा फसवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते डोळ्यांना. पडद्यावर डावा बाण आला की बुबुळं डावीकडे सरकतात, आणि क्लासिफायर मेंदू सोडून तेच शिकतो. म्हणून तेच मॉडेल एकदा फक्त डोळ्यांजवळच्या चॅनेलवर चालवा. तिथेही अचूकता तितकीच आली, तर बाण काढून टाका, नजर मधल्या खुणेवर ठेवायला सांगा, सूचना आवाजाने द्या आणि पुन्हा रेकॉर्ड करा.