सुचत नाही म्हणता, पण अडलंय कुठे? छोट्या डिझाइन स्टुडिओतल्या या चुका टाळा

तीन-चार माणसांच्या स्टुडिओत एखादं काम आठवडाभर रखडलं की कारण ठरलेलं असतं: सुचत नाहीये. बहुतेक वेळा हे खरं कारण नसतं. एक तर प्रश्नच नीट विचारलेला नसतो, नाहीतर उत्तर भलतीकडे शोधणं चाललेलं असतं, किंवा जे सुचलं ते छापता येणार नाही हे फार उशिरा कळलेलं असतं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी गाडी कुठे अडली ते बघायला हवं. समजायला सोपं जावं म्हणून खाली सगळीकडे एकच काम धरलं आहे: एका घरगुती उद्योगाचा गोडा मसाला, २०० ग्रॅमचं पाकीट.

‘मस्त काहीतरी करा’ याला मोकळीक समजणं

ग्राहक म्हणतो, ‘तुम्हीच करा काहीतरी मस्त, तुम्हाला मोकळीक आहे.’ ऐकायला छान वाटतं, पण डोकं अडतं ते इथेच. कल्पनेला धरायला काही लागतं, आणि मोकळ्या मैदानात धरायला काहीच नसतं. वर हाच ग्राहक दहा दिवसांनी ‘माझ्या मनात वेगळं होतं’ म्हणतो, तेव्हा त्याचंही चूक नसतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

कागदावर उतरवून घ्यायच्या गोष्टी फार नाहीत. पाकीट कुठे विकलं जाणार: किराणा दुकानात टांगून, प्रदर्शनातल्या टेबलावर, की मोबाइलवरच्या अंगठ्याएवढ्या चित्रातून? विकत घेणाऱ्या बाईंच्या घरी आज कुठला मसाला आहे, आणि तो सोडून त्या हा का घेतील? पाकिटाचं तयार माप काय? पहिल्या खेपेला किती नग? आणि छपाई कशी होणार?

शेवटचे दोन प्रश्न डिझाइनरला रुक्ष वाटतात म्हणून मागे ढकलले जातात, पण कल्पनेचा आकार तेच ठरवतात. छापील पाउच बहुतेक वेळा रोटोग्रॅव्हरवर (कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईवर) होतो आणि तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर करावा लागतो. हा खर्च हजारो नगांवर पसरला तरच परवडतो. नग पाचशेच असतील तर साधा पाउच आणि वर स्टिकर, हा शहाणा मार्ग. मग अख्ख्या पाकिटावर पसरणारं आठ रंगांचं चित्र मनात आणण्यात अर्थ नाही. १० बाय १२ सेंटीमीटरच्या स्टिकरवर काय बोलता येईल याचा विचार करायचा. गंमत म्हणजे ही मर्यादा कळली की सुचायला लागतं.

शेवटी सगळं एका वाक्यात लिहून ग्राहकाकडून होकार घ्या. उदाहरणार्थ: ‘आमटीला आईच्या हातची चव हवी, पण मसाला भाजायला वेळ नाही, अशांसाठी.’ हे वाक्य टेबलासमोर चिकटवा. पुढची सगळी भांडणं त्याच्याच आधारे मिटतात.

आधी पिंटरेस्ट, मग विचार

ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि सर्वांत जास्त होणारीही. काम आलं की पहिल्या पाच मिनिटांत पिंटरेस्ट या चित्रांच्या साइटवर ‘स्पाइस पॅकेजिंग’ टाकून शोध सुरू होतो. शंभर सुंदर पाकिटं बघून झाल्यावर डोक्यात त्या शंभरांची सरासरी उरते आणि हात नकळत तेच काढतो. म्हणूनच मसाल्याच्या इतक्या पाकिटांवर लाल मिरच्यांचा ढीग आणि लाकडी चमचा दिसतो. गोड्या मसाल्याच्या बाबतीत तर ते सरळ सरळ खोटं आहे. या मसाल्याची ओळख मिरची नाही. धणे, सुकं खोबरं, तीळ आणि दगडफूल ही आहे. रंगही लाल नाही, भाजल्यामुळे आलेला गडद तपकिरी आहे. लाल मिरच्या बघून पाकीट उचललं आणि घरी जाऊन वेगळीच चव लागली, तर दुसरं पाकीट कोण घेणार?

क्रम उलटा करा. पहिली चाळीस मिनिटं स्क्रीन बंद. मसाला आणि त्यातले जिन्नस मागवून पांढऱ्या कागदावर ओता. दगडफुलाचा एक तुकडा भिंगाखाली धरा: एक बाजू राखाडी, दुसरी काळी, कडा झालरीसारख्या मुडपलेल्या. ही झालर आणि हे दोन रंग कुठल्याही स्टॉक फोटोत मिळणार नाहीत. नागकेशराची देठासकट बारीक कळी, खोबऱ्याच्या किसाची वेटोळी, तिळाचा थेंबासारखा आकार, सगळं पेन्सिलीने उतरवा. चित्र सुबक यायची गरज नाही.

त्यानंतर ए-फोर कागदावर साधारण ४ बाय ६ सेंटीमीटरचे वीस चौकोन आखा आणि प्रत्येकात एक रफ काढा. एका चौकोनाला दोन मिनिटं, जास्त नाही. पहिले सहा-सात तेच येणार जे कुणालाही सुचतं. ते बाहेर पडू द्यायचे, त्यांच्यावर थांबायचं नाही. दहा-बारानंतर हात थकतो, आठवणीतली पाकिटं संपतात, आणि तिथून पुढे कामाचं काही येऊ लागतं. चौकोन मोठे ठेवलेत तर मात्र तपशिलात अडकाल आणि पाचावर थांबाल.

संदर्भ बघायचे ते यानंतर, आणि शक्यतो विषयाबाहेरचे: जुन्या काडेपेट्यांची लेबलं, एसटीच्या पाट्या, ट्रकच्या मागची रंगकामं, देवघरातल्या जुन्या छापील तसबिरी. प्रत्येक संदर्भाखाली लिहा की यातून नेमकं काय घ्यायचं आहे: रंगांची जोडी, चौकट, की अक्षराचं वळण. ‘छान आहे’ एवढंच लिहिता येत असेल, तर तो संदर्भ बोर्डावरून काढून टाका.

जुनं चित्र थेट उचलायचा मोह होतो, तिथे कायदा ठाऊक हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली आहेत. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांनी सही करून दिलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठं २०३१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. दलालांच्या रेषेचा अभ्यास जरूर करा, त्यातून खूप शिकण्यासारखं आहे. पण त्यांच्या चित्रातली बाई कापून पाकिटावर लावता येणार नाही.

अक्षरांचा विचार शेवटी

चित्र झालं, रंग झाले, मग उरलेल्या जागेत नाव ‘बसवलं’. मराठी कामात याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही, कारण अनेकदा कल्पना त्या नावातच दडलेली असते.

‘गोडा मसाला’ हे शब्द जवळून बघा. उभे दंड मोजा (फॉन्टमध्ये सहसा येतो तो दंडाचा ल धरून): ग चा एक, ओकाराचा एक, डा चा काना एक, म चा एक, सा चे दोन, ला चे दोन. आठ दंड एका ओळीत. फॉन्टमधून जसंच्या तसं टाइप केलं तर मोठ्या आकारात ते कुंपणासारखं दिसतं, विशेषतः ‘साला’ या भागात. सबंध नावात दंड नसलेलं अक्षर एकच, ते म्हणजे ड. आणि शिरोरेखेच्या वर जाणारी मात्राही एकच, गो वरची. म्हणजे खेळायच्या जागा नावानेच दाखवून दिल्या आहेत. ड चं वेटोळं दगडफुलाच्या झालरीसारखं वळू शकतं, मात्रा वाफेसारखी वर जाऊ शकते. दोन्ही एकदम करू नका, एक निवडा. काना आणि त्याच्या अक्षराचा दंड यांतलं अंतर थोडं कमी करा, म्हणजे ती जोडी एक वाटते आणि कुंपण मोडतं. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशीच अक्षरांतून बोलती केली. वेगळ्या चित्राची गरजच उरू दिली नाही.

हाताने काढायचं असेल तर बोरू तिरका छाटलेला घ्या. देवनागरीत जाड-बारीकपणा रोमनच्या उलट्या तिरक्यावर पडतो. इंग्रजी कॅलिग्राफीचं निब त्याच कोनात धरून मराठी लिहिलं की अक्षर कुठेतरी परकं वाटतं. ते का, हे पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही.

तांत्रिक घोटाळे थोडक्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागला, तर फॉन्टला दोष देण्याआधी कंपोझर, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं अक्षरं जुळवणारं सेटिंग, तपासा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. इलस्ट्रेटरमध्ये आधी टाइपच्या प्रेफरन्सेसमधून इंडिक पर्याय सुरू करा. ‘खऱ्या चवीचा’ ऐवजी ‘खर्या’ दिसत असेल तर नुक्त्याचा ऱ टाइप करून बघा, तरीही न आल्यास फॉन्ट बदला. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तर ती उमटतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतात, तेव्हा व्यावसायिक कामाला चोरीचा फॉन्ट वापरायचं काहीच कारण नाही. अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची असेल तर आधी कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरने एकत्र करा. नाहीतर शिरोरेखा जिथे एकमेकींवर चढतात, तिथे प्रत्येक अक्षरागणिक सांधा दिसतो.

दहा ऑप्शन देणं

ग्राहक खूश होईल म्हणून दहा ऑप्शन पाठवले जातात. त्यांतले सात भरतीचे असतात हे स्टुडिओला माहीत असतं, ग्राहकाला नसतं. तो एकातलं चित्र, दुसऱ्यातला रंग, तिसऱ्यातलं नाव मागतो आणि खिचडी होते. तीनच द्या, तिन्हींमागचा विचार वेगळा असू द्या, आणि प्रत्येकासोबत तो विचार दोन ओळींत लिहा. करेक्शनच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत हे कोटेशनमध्येच लिहिलेलं हवं; दोन पुरेशा आहेत.

‘मजा येत नाहीये’ असा निरोप आला तर लगेच रंग बदलत बसू नका. फोन करून विचारा: पाकीट लांबून ओळखू येत नाही, स्वस्त वाटतं, की आपलं वाटत नाही? तिघांची दुरुस्ती तीन ठिकाणी होते. पहिलं असेल तर नावाचा आकार आणि रंगांतला फरक, दुसरं असेल तर गर्दी कमी करणं, तिसरं असेल तर बहुधा ते ठरलेलं वाक्यच चुकलं आहे.

स्टुडिओतही निवड स्क्रीनवर करू नये. खऱ्या मापात प्रिंट काढा, कापून जुन्या पाकिटावर चिकटवा, दुकानातल्या इतर पाकिटांच्या रांगेत उभं करा आणि दोन मीटरवरून बघा. मग एक प्रिंट नुसत्या काळ्या-पांढऱ्यात. त्यात नाव वाचता आलं नाही, तर रंगांत ते आपोआप सुधारणार नाही.

छापखान्याला उशिरा विचारणं

इथे चांगल्या कल्पना मरतात. चंदेरी पाउचवर रंग मळकट आले? रंगांखाली पांढऱ्याचा थर दिलेला नव्हता. कागद पांढरा असतो, फिल्म नसते; पांढरा हा वेगळा रंग धरूनच आर्टवर्क करायचं. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा छापल्यावर विटका आला? तो आरजीबीतला (स्क्रीनच्या प्रकाशातला) रंग छपाईच्या चार शाईंत बसतच नव्हता. पहिल्या दिवसापासून सीएमवायके, म्हणजे त्या चार शाईंचे रंग, धरा. तो रंगच ओळख असेल तर खास शाईचा सिलिंडर मागा.

गडद तपकिरी जमिनीवर पांढरी बारीक अक्षरं, हे गोड्या मसाल्यात होणारच. तो तपकिरी चार रंग मिसळून केला आणि छपाईत रंग केसभर सरकले, की उकार आणि वेलांट्या भरून येतात. तपकिरी एकाच खास शाईत घ्या.

सक्तीच्या मजकुराची जागा पहिल्या रफमध्येच सोडा: घटक, निव्वळ वजन, किंमत, तारखा, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, बारकोड. बारकोडच्या रेघा लाल किंवा केशरी नकोत, स्कॅनरच्या लाल प्रकाशात त्या दिसत नाहीत. सीलच्या पट्टीत आणि टांगायच्या भोकाजवळ काहीही महत्त्वाचं ठेवू नका. दोन्हींची मापं पाउचवाल्याकडून लेखी घ्या. कागदी स्टिकरला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलं तर ते आक्रसतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

दिवसभर फोन आणि मधल्या वेळात डिझाइन

छोट्या स्टुडिओत फोन घेणारा, बिल करणारा आणि रफ काढणारा माणूस एकच असतो. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कर्व्ह ओढता येतात, नवं काही सुचत नाही. सकाळचे दोन तास एकाने फोन सांभाळावे आणि दुसऱ्याने फक्त रफ काढावेत; दुसऱ्या दिवशी अदलाबदल.

हंगामही धरून चाला. दिवाळीच्या फराळाची खोकी, दिनदर्शिका, अंकांची मुखपृष्ठं ही सगळी कामं गणपतीच्या आसपास एकदम येतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात. त्या गर्दीत कोऱ्या कागदापासून सुरुवात करणं फार जड जातं. म्हणून नाकारलेले रफ फेकू नका. काम, तारीख आणि ‘का नाकारलं’ हे मागे लिहून एका खोक्यात ठेवा. मसाल्याला न चाललेली खोबऱ्याच्या किसाची वेटोळी करंजीच्या खोक्यावर बरोबर बसेल. फक्त ती त्या दिवशी हाताशी सापडायला हवी.