नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नका: दुखणं ओळखताना होणाऱ्या चुका

डॉक्टर विचारतात, “कसं दुखतंय?” आणि आपण सांगतो, “खूप दुखतंय!” पहिली चूक इथेच होते. किती दुखतंय यापेक्षा कसं दुखतंय हे कामाचं, आणि त्यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. गळू ठणकतं, किडलेली दाढ ठणकते. मुतखड्याची कळ येते, ओसरते, पुन्हा येते. नस दबली की कमरेतून पायात चमक जाते, वाकून बादली उचलताना पाठीत उसण भरते. आजीला हे सगळे शब्द येत होते, आपण मात्र सगळ्याला ‘पेन’ म्हणून मोकळे होतो. नेमका शब्द सांगा. कधीपासून, कशाने वाढतं, कुठे सरकतं हेही सांगा.

दुखतं तिथेच बिघाड आहे असं धरून चालणं, ही त्याहून महागात पडणारी चूक. हृदयाकडून आणि डाव्या हाताकडून येणारे संदेश मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. म्हणून हार्ट अटॅकमध्ये हात, जबडा, पाठ नाहीतर पोटाचा वरचा भाग दुखू शकतो. छातीत तर पुष्कळांना ‘दुखत’ नाहीच, धोंडा ठेवल्यासारखं दडपतं. बायकांना आणि मधुमेहींना कधीकधी नुसता दम लागतो, घाम फुटतो. अशा वेळी ‘पित्त झालंय’ म्हणत सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा. अपेंडिक्सही असाच फसवतो. दुखायला लागतं बेंबीभोवती, आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं. तोवर घरात ओवा, हिंग, गॅसची गोळी असं सगळं होऊन गेलेलं असतं.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं काय? डायक्लोफेनॅकसारखी औषधं शरीरातली जी रसायनं रोखतात, तीच जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. हे औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६मध्ये भारतात ते जनावरांसाठी बंद झालं. माणूस काही गिधाड नव्हे, तरी महिनोन्महिने रोज एक घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. डोकेदुखीसाठी महिन्यातले पंधरा दिवस गोळी लागत असेल, तर आता ती गोळीच डोकं दुखवत असण्याची शक्यता आहे.

न दुखणं म्हणजे बरं असणं नव्हे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. कळते ती जखम चिघळल्यावर. रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा.

कंबरदुखीची गंमत उलटी. मूळ इजा भरून आल्यावरही नसा हळव्या राहतात आणि दुखणं रेंगाळतं. त्यासाठी आठवडाभर अंथरूण धरलं तर पाठ आणखी आखडते. झेपेल तितकं चालत राहा. मात्र मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल उचलेना झालं, तर दुखणं कमी असलं तरी अंगावर काढू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.