लहानपणी दोस्ताला दगा दिला असेल तर भरपाई कशी करायची
आधीच सांगून ठेवतो, नुसत्या दानधर्माने हे फिटत नाही. मी सातवीत होतो, नागपूरच्या महाल भागात राहायचो, तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरं लाकडाचे नंदी घेऊन घरोघर फिरलो, बोजाऱ्याचा, म्हणजे घरोघर मिळालेल्या पैशांचा, डबा सांभाळायला मी आणि माझा दोस्त, त्यातले 40 रुपये मी व्हिडिओ गेमवर उडवले आणि नाव सांगितलं त्याचं. त्याची आई गल्लीतच धुणीभांडी करायची म्हणून सगळ्यांना लगेच पटलं, आणि दोन घरांनी तिला कामावरून काढलं. काळी मारबत, म्हणजे त्याच दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा, 1881 पासून गावाची इडापीडा घेऊन जाते म्हणतात, माझी काही नेली नाही तिने.

तर पहिलं काम, खरं सांगणे. आधी त्याला, आणि फोनवर किंवा समोर बसून, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. मग त्यालाच विचारा की बाकीच्यांना सांगू का, कारण बदनामी त्याची झाली होती, पुन्हा उकरायची की नाही हे त्याने ठरवायचं. तो हो म्हणाला तर ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यांच्याकडेच जायचं. मी दोन काकूंकडे गेलो, एक हसली, "40 रुपयांसाठी आता आला का रे?", दुसरी गप्पच झाली, तिनेच त्याच्या आईचं काम सोडवलं होतं.

त्याला पैसे पाठवू नका. मी 5000 फोनपे केले होते, दहा मिनिटांत वापस आले, वर एक रुपया जास्त.

द्यायचं असेल तर घाव जिथे बसला त्याच्या आसपास द्या. घरकाम करणाऱ्या बायांची पोरं खाजगी शाळांत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांवर आठवीपर्यंत फुकट शिकतात, आणि नववीत फी एकदम अंगावर येते, तिथेच शाळा सुटते. म्हणून नववी-दहावी दोन्ही वर्षांचे पैसे आधी बाजूला काढा मगच एखाद्या पोरीच्या फीला हो म्हणा, नाहीतर दहावीत हात वर केले तर तो दुसरा दगा होतो ना भाऊ. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, तर मे मध्येच विचारून घ्या. फी शाळेच्या ऑफिसात भरा, पावती पोरीच्या नावाने, फोटो-बिटो नाही, आणि जोडे, दप्तर, बस पास हे पण धरा, फीपेक्षा तिथेच जास्त अडते.

आणि हो, घरात काही हरवलं तर कामवाल्या ताईंचं नाव तोंडातून काढू नका, मनात आलं तरी. मागच्या दिवाळीत बायकोचं कानातलं गेलं, ती बोलणारच होती, मी म्हटलं थांब. चार दिवसांनी वॉशिंग मशीनच्या रबरात सापडलं.