मराठी न वाचणाऱ्याला मराठीतला बग कसा दाखवावा

मी सांगलीत अक्षरजुळणीचं काम करते. तीन वर्षांपूर्वी एका बाईंचं पाककृतींचं पुस्तक आमच्याकडे आलं होतं. पानं २४०, शेवटी शब्दसूची. छपाईला जायच्या आदल्या दिवशी बाई आल्या आणि सूचीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, भाकऱ्या दोनदा कशा?" खरंच, 'भाकऱ्या' एकाखाली एक दोनदा छापलं होतं. एकासमोर पान ३१ आणि ५८, दुसऱ्यासमोर पान ४४. भिंग लावून पाहिलं तरी दोन्ही शब्द तंतोतंत सारखे.

आम्ही एक मुक्त लेखनसंपादक वापरतो. त्याच रात्री त्याच्या बगझिलावर, म्हणजे दोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत, मी आयुष्यातला पहिला बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, नोंदवला. शीर्षक दिलं 'मराठी सूची चुकते' आणि जोडपत्र म्हणून अख्खं पुस्तक. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उत्तर देणारा माणूस सभ्य होता. मला दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यातला चुकीचा कोणता आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं, असं त्याने विचारलं होतं. नोंदीची स्थिती 'नीडइन्फो', म्हणजे 'माहिती हवी', अशी झाली होती.

त्या प्रश्नावर मी बराच वेळ बसून होते. दुरुस्त करणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याला 'भाकऱ्या' म्हणजे एक नक्षी दिसते. तुमची-माझी तक्रार कितीही खरी असली तरी ती त्याच्या डोळ्यांना दिसेल अशा रूपात आणून देणं हे आपलं काम आहे. मराठीचे कितीतरी बग वर्षानुवर्षं पडून राहतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे, असं मला आता वाटतं. म्हणून हे लिहिते आहे, आमच्यासारख्या मजकुराशी रोज झटणाऱ्यांसाठी. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

आधी 'भाकऱ्या'चं कोडं सोडवते, कारण सगळी पद्धत त्यातूनच आली. संगणकाला अक्षराचं रूप कळत नाही, त्याच्याकडे युनिकोड क्रमांकांची माळ असते (युनिकोड म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक). त्या पुस्तकाचा अर्धा मजकूर मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाने टाइप केला होता आणि अर्धा माझ्या सहकारी ताईंनी इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणाऱ्या कळफलकाने. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो, क्रमांक यू+०९३१. त्याला हलन्त लावून य जोडला की आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळतो. ताईंचा कळफलक मात्र साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, यू+२००डी, अशी माळ घालत होता. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत, दोन्हींतून अर्धा र तसाच दिसतो. पण माझी 'भाकऱ्या' ७ क्रमांकांची आणि ताईंची ८ क्रमांकांची. युनिकोडच्या नियमांनुसार या दोन माळा समान धरल्या जात नाहीत, म्हणून सूचीने त्यांना दोन शब्द मानलं. माझी नोंद 'नॉट अ बग' म्हणून बंद झाली, आणि ते बरोबरच होतं. आता पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा र-हलन्त-जॉइनर शोधून त्या जागी ऱ-हलन्त घालते. एका 'शोधा आणि बदला'चं काम आहे.

तर नोंदवण्याआधीचा पहिला प्रश्न: बग राहतो कुठे? मराठी अक्षर कळीपासून पडद्यापर्यंत येताना बऱ्याच हातांतून जातं. कळफलक क्रमांक देतो. प्रोग्रॅम ते साठवतो. अक्षरजुळणीचं इंजिन कोणता आकार कुठे बसवायचा ते ठरवतं. फॉन्ट प्रत्यक्ष आकार पुरवतो. यांतला प्रत्येक भाग वेगळ्या प्रकल्पाचा असतो आणि प्रत्येकाची नोंदवही वेगळी. फॉन्टचं दुखणं संपादकाच्या दारात नेलं तर महिने फुकट जातात.

घर शोधायची माझी रीत अशी. चुकलेला शब्द घेते आणि आधी त्यातले क्रमांक पाहते. संगणकावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा असेल तर 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल घेऊन प्रत्येक क्रमांकाचं अधिकृत नाव छापायला दोन-तीन ओळी पुरतात. माळच चुकीची निघाली तर दोष कळफलकाचा, किंवा मजकूर जिथून आला त्या जागेचा. माळ बरोबर असेल तर फॉन्ट बदलून पाहते. एका फॉन्टमध्ये अर्धा र नीट आणि दुसऱ्यात टिंबवाला र खाली पाय मोडून उभा असेल, तर तो दुसरा फॉन्ट संशयित. मग प्रोग्रॅम बदलते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: लिबरऑफिस हा मुक्त लेखनसंच आणि फायरफॉक्स, क्रोम हे ब्राउझर सगळे अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हेच मुक्त इंजिन वापरतात. लिबरऑफिसमध्ये ५.३ या आवृत्तीपासून सगळ्या प्रणालींवर तेच आहे. त्यामुळे लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हींत चुकतं एवढ्यावरून इंजिन निर्दोष ठरत नाही. विंडोजचं नोटपॅड मायक्रोसॉफ्टची स्वतःची जुळणी वापरतं, तिथेही तपासा. हार्फबझबरोबर 'एचबी-व्ह्यू' नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की ते चित्र काढून देतं. एचबी-व्ह्यूत शब्द बरोबर आणि प्रोग्रॅममध्ये चूक, तर तक्रार प्रोग्रॅमकडेच न्यायची.

एक फसवी जागा सांगून ठेवते. 'ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात' अशी तक्रार फार ऐकू येते. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण उमटतं. लिबरऑफिसमध्ये भारतीय लिप्यांची भाषा आणि फॉन्ट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या खात्यात ठरतात, इंग्रजीच्या खात्यात नाही. तिथे हिंदी राहिलं असेल तर बग नोंदवू नका, मराठी निवडा.

घर सापडलं की नमुना लहान करायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. २४० पानांतली निम्मी काढा, बग आहे का पाहा. असेल तर उरलेल्यातली निम्मी काढा, नसेल तर दुसरं निम्मं घ्या. आठ फेऱ्यांत एका पानावर येता. मग एका ओळीवर, मग एका शब्दावर. एका शब्दाची फाइल पाहायला दुरुस्त करणाऱ्याला अर्धं मिनिट लागतं. शिवाय लेखकाचं हस्तलिखित उघड्यावर पडत नाही. या नोंदी सगळ्या जगाला दिसतात, जोडपत्रांसकट. डेबियन या लिनक्स प्रणालीत तर बग ईमेलने नोंदवतात आणि तुमचा पत्ताही नोंदीत दिसतो. पहिल्या रात्री मी अख्खं पुस्तक टाकलं होतं, ते काढून घ्यायला मला विनंती करावी लागली.

प्रोफाइल, म्हणजे प्रोग्रॅमने साठवलेल्या आपल्या सेटिंग्ज, बिघडल्यामुळेही नाना चमत्कार दिसतात. म्हणून लिबरऑफिसच्या मदत मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे त्या सेटिंग्ज बाजूला ठेवून, एकदा चालवून पाहा. जमलं तर विकासाधीन आवृत्तीतही पाहा. ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसते, कामाला धक्का लागत नाही.

आता शोध. तोच बग आधी कुणी नोंदवला असेल, तर त्या नोंदीत आपला नमुना जोडणं जास्त उपयोगाचं. शोधताना मराठी शब्द सहसा सापडत नाहीत. देवनागरी, इंडिक, सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट), रेफ, आयलॅश, कॉन्जंक्ट (जोडाक्षर), झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) असे शब्द इंग्रजीत घालून पाहा. आपल्या अर्ध्या र ला त्या जगात 'आयलॅश रा' म्हणतात, म्हणजे पापणीसारखा र. हे नाव कळेपर्यंत मला एकही जुनी नोंद सापडत नव्हती.

लिहायचं कसं ते माझ्या दुसऱ्या बगवरून सांगते, कारण तो पार पडला. प्रकाशनाच्या एका मुक्त साधनातून मजकूर निर्यात केला की 'आचार्‍यांना' या शब्दाचं 'आचार्यांना' होत होतं. लग्नघरात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचा एका क्षणात मठातला आचार्य. क्रमांक पाहिले: निर्यातीत जॉइनर गळत होता. शीर्षकात मी लिहिलं, 'देवनागरी: निर्यात करताना यू+२००डी काढून टाकला जातो, शब्दाचा अर्थ बदलतो'. खाली पायऱ्या: जोडलेली फाइल उघडा, निर्यात करा, निर्यात झालेली फाइल उघडा. मग 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन भाग, दोन्हींत शब्द आणि समोर क्रमांकांची माळ. साधन, प्रणाली आणि फॉन्ट यांच्या आवृत्त्या. इंग्रजी साधं ठेवलं, वाक्यं आखूड.

चित्रात दोन्ही शब्द मोठ्या आकारात शेजारी ठेवले आणि जिथे फरक आहे तिथे लाल वर्तुळ काढलं. चित्राशिवाय नोंद पाठवू नका, आणि नुसतं चित्रही पाठवू नका. चित्रातून मजकूर उचलून तपासता येत नाही, आणि मजकूर त्याच्या संगणकावर वेगळा दिसू शकतो.

शेवटी दोन वाक्यं अधिक घातली, आणि माझ्या मते काम त्यांनीच केलं. पहिलं: यातल्या एका शब्दाचा अर्थ 'स्वयंपाक्यांना' असा आहे आणि दुसऱ्याचा 'धर्मगुरूंना' असा. दुसरं: कुटुंबाच्या इमोजीत माणसांना एकत्र बांधणारं चिन्ह हेच, ते काढलं तर कुटुंबातली माणसं सुटी होतात. इमोजी त्याला वाचता येतात. तासाभरात उत्तर आलं. निर्यातीआधी 'अदृश्य कचरा' काढणारी एक ओळ होती आणि ती सगळीच अदृश्य चिन्हं झाडून काढत होती. दोन आठवड्यांत दुरुस्ती झाली. ज्याला आपली लिपी येत नाही त्याला त्याच्या रोजच्या वापरातलं एखादं उदाहरण शोधून देणं हा खटाटोप मला आता बगच्या कामाचाच भाग वाटतो.

काही गोष्टी थोडक्यात. एका नोंदीत एकच बग. 'तातडीचं' असं स्वतःहून लावू नका. हा बग आधी नव्हता, अमुक आवृत्तीपासून आला असं माहीत असेल तर ते सोन्यासारखं आहे, जरूर लिहा. बिघडवणारा बदल निम्मे-निम्मे करून शोधता येतो. १००० बदल असले तरी सुमारे १० चाचण्यांत तो हाती लागतो. लिबरऑफिसमध्ये यासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या आवृत्त्यांचा साठा असतो, त्या पद्धतीला बायबिसेक्ट म्हणतात. थोडी सवय झाली की हे प्रोग्रामर नसलेल्यालाही जमतं.

नोंद गेली की पाठपुरावा सुरू होतो. मी एक वही ठेवली आहे: प्रकल्प, नोंद क्रमांक, तारीख, स्थिती, आणि 'चेंडू कुणाकडे'. हा शेवटचा रकाना मी दर शनिवारी पाहते. बगझिलात नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' असते. दुसऱ्या कुणाला तोच दोष दिसला की ती 'न्यू' होते. म्हणून कुणा मैत्रिणीकडे तीच प्रणाली असेल तर तिला तपासून दुजोरा द्यायला सांगा, स्वतःच्या नोंदीला स्वतः दुजोरा देऊ नका. 'नीडइन्फो' म्हणजे चेंडू तुमच्याकडे. लिबरऑफिसमध्ये काही महिने उत्तर गेलं नाही तर नोंद 'इन्सफिशियंट डेटा' म्हणून बंद होते. माहिती दिलीत की स्थिती परत बदलायलाही विसरू नका, नाहीतर उत्तर दिलंय हे कुणाला कळत नाही. 'डुप्लिकेट' झालं तर वाईट वाटून घेऊ नका, मूळ नोंदीच्या सीसी यादीत, म्हणजे बदल ज्यांना ईमेलने कळतात त्या यादीत, नाव घाला.

'अजून झालं नाही का?' अशी टिप्पणी टाकू नका. ती यादीतल्या प्रत्येकाच्या ईमेलमध्ये जाते आणि माहितीत काहीच भर घालत नाही. नवी आवृत्ती आली की तपासून 'या आवृत्तीतही दिसतो' असं क्रमांकासह लिहा, ते चालतं. लिबरऑफिसमध्ये वर्षभर हात न लागलेल्या नोंदींवर 'कृपया पुन्हा तपासा' असा संदेश येतो. तो आला म्हणजे आपल्याला झटकलं असं समजू नका. एका शब्दाची फाइल जपून ठेवली असेल तर तपासणीला पाच मिनिटं लागतात. आणि 'फिक्स्ड' झालं की नव्या आवृत्तीत पाहून 'व्हेरिफाइड' करा, आभार माना.

माझ्या वहीत सध्या चार नोंदी उघड्या आहेत. त्यातली एक ताईंच्या कळफलकाच्या प्रकल्पातली, अर्ध्या र साठी ऱ-हलन्त द्यावा अशी विनंती. तिला दोघांनी दुजोरा दिला आहे, आणि देखभाल करणाऱ्याने गेल्या महिन्यात विचारलं की जुन्या सवयीच्या लोकांचं काय करायचं. चेंडू माझ्याकडे आहे. या शनिवारी ताईंना बसवून त्या कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबतात ते लिहून घेणार आहे.